दुरुस्तीसह परत

इंडस्ट्रियल व्हिजिटला मुलींबरोबर एखादी बाई लागते, असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. ताथवड्याच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल. मेकॅनिकलला एकच मॅडम होत्या आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. म्हणून त्या मंगळवारी मला बसमध्ये बसवलं. पर्समध्ये एक पुस्तक टाकलं, मुली मोजल्या आणि चाकणला गेले.

कारखाना गाड्यांच्या सीटखालचे पत्र्याचे भाग बनवणारा होता. ओळीने प्रेस मशीनं. वरून पंच खाली येतो, पत्रा कापला जातो, पुन्हा वर. पायाखालची फरशी हलत होती. मेकॅनिकलचे सर मुलींना काहीतरी ओरडून समजावत होते आणि मी सगळ्यांच्या मागे, कानात बोळे घालून, परत जाताना ट्रॅफिक लागेल का याचा विचार करत होते. तेवढ्यात शेजारची प्रेस थांबली. तिच्या खांबावर पाटीएवढा एक स्क्रीन होता. त्यावर पिवळी अक्षरं आली:

धार गेली वाटतं. जरा बघता का?

मी कानातले बोळे काढले. वाचण्यासाठी कान मोकळे कशाला लागतात, ते मला आजही सांगता येणार नाही.

ऑपरेटर पन्नाशीचा होता. त्याने पंच काढून अंगठ्याने धार पाहिली आणि माझ्याकडे बघून हसला. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. "लई अदबीचं मशीन हाय मॅडम. बाकीचे नुसते बोंबलतेत. हे इचारतंय."

"हे वाक्य कुणी लिहिलं?"

"काय की. वाकडचे लोक आलते, पेटी बसवून गेले."

मला माहीत होतं कुणी लिहिलं ते. माझ्या नवऱ्याने. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते.

आमच्या डायनिंग टेबलावर त्याने मला एकदा विचारलं होतं, की पंचाची धार बोथट झाली तर मशीनने ऑपरेटरला काय म्हणावं. मी मेथी निवडत होते. म्हटलं, "'पंच बदला' म्हणावं. सोपं." तो म्हणाला, "अगं, वीस वर्षं प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला पेटीने हुकूम सोडायचा? पेटीने शंका काढावी. ठरवायचं त्याने." मग त्याने ते वाक्य टाइप केलं, मला वाचून दाखवलं आणि मी 'जरा' हा शब्द घालायला सांगितला. एका शब्दापुरतं ते वाक्य माझंही होतं, आणि ते चाकणच्या एका अनोळखी कारखान्यात लोकांना दिसत होतं. परतीच्या बसमध्ये मी पुस्तक उघडलं नाही. मुली गाणी म्हणत होत्या. मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं, इतकी मी खूश होते. चौदा महिन्यांत असं काही झालं नव्हतं.

तो कंट्रोल पॅनेल दुरुस्त करायचा. भोसरीला त्याचा स्वतःचा गाळा होता. दिवसा पॅनेल, संध्याकाळी घरी लॅपटॉप. त्यावर त्याने तीन-चार वर्षं एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'ठोका' नाव दिलं. प्रेसच्या मोटारीच्या वायरीभोवती एक कडं बसवायचं. प्रत्येक ठोक्याला मोटार किती वीज ओढते ते प्रोग्रॅम बघतो. धार बोथट झाली की पत्रा कापायला जोर जास्त लागतो, वीज जास्त ओढली जाते, आणि माल खराब होण्याआधी पेटी सांगते. हा प्रोग्रॅम त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला होता. ओपन सोर्स. हा शब्द मी त्याच्याकडून शेकडो वेळा ऐकला होता आणि दर वेळी मान डोलावली होती.

त्या संध्याकाळी मी त्याचा लॅपटॉप चार्जिंगला लावला. 'ठोका'च्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमच्या फायली होत्या, 'राहिलेलं' नावाची एक छोटी फाइल होती आणि लायसन्सची एक लांबलचक इंग्रजी फाइल होती. प्रोग्रॅम मला कळणार नव्हता. पण लायसन्स म्हणजे मजकूर, आणि मजकूर दिसला की मी तो पहिल्या ओळीपासून वाचते. घरचं वळण आहे ते. वडील कंपनीत पेंट शॉपला होते, पण आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांचं कपाट होतं, आणि त्यातलं पुस्तक अर्धवट सोडलेलं त्यांना चालत नसे.

तीन संध्याकाळी मी ते लायसन्स वाचलं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसले. सगळ्यात वर, इंग्रजी सुरू होण्याआधी, त्याने मराठीत एक ओळ घातली होती: 'गाळ्यांमधला जिगचा नियम इथेही.' त्या ओळीने पुढचं सगळं मला उलगडलं.

जिग म्हणजे लोखंडी साचा. त्यात सुटा भाग पकडायचा, म्हणजे भोक दर वेळी नेमकं त्याच जागी पडतं. भोसरीच्या त्या रांगेतल्या गाळ्यांत जिग एकमेकांना देतात. नेणाऱ्याने त्यावर हवं तेवढं काम करावं, हवं तेवढं कमवावं, कोणी विचारत नाही. पण वापरताना जिगमधला दोष सापडला आणि त्याने तो सुधारला, तर ती सुधारणा जिगसोबत परत यायला हवी. वायरने पत्र्याची एक पट्टी बांधतात आणि त्यावर खडूने लिहितात: दुरुस्तीसह परत. लेखी करार नाही, काही नाही. रांगेत सगळ्यांना माहीत असतं.

लायसन्स हेच सांगत होतं, फक्त वकिलाच्या भाषेत. हा प्रोग्रॅम वापरा, बदला, विका. मात्र दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोडही द्या, म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिलाय तो मूळ मजकूर, तुमच्या बदलांसकट. घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क असतील. आणि तुमचा स्वतःचा भाग याला असा जोडलात की दोन्ही मिळून एकच प्रोग्रॅम झाला, तर त्या सगळ्याला हाच नियम. या जोडण्याला ते लिंक करणं म्हणतात. म्हणजे वाकडच्या लोकांनी चाकणला पेटी बसवली, तर पेटीबरोबर सोर्स द्यायला हवा होता. मी कारखान्याच्या मेंटेनन्सला फोन करून विचारलं. त्यांना असं काही मिळालं नव्हतं, पण कंपनीचा पत्ता त्यांनी दिला.

मी वाकडच्या कंपनीला मेल लिहिला. पाच ओळींचा मेल, पण तो लिहायला मला अख्खा रविवार लागला. उत्तर अर्ध्या तासात आलं. भेटायला या, प्लीज.

ऑफिस एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर होतं. मालक पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं, टेबलावर तीन चहाचे रिकामे कप. मी कोण हे सांगितल्यावर तो उभाच राहिला.

"मॅडम, खरं सांगू का? ती लायसन्सची फाइल आम्ही वाचलीच नाही."

"वाचलीच नाही?"

"कोण वाचतं मॅडम?"

"मी वाचते," मी म्हटलं. तो ओशाळून हसला आणि मलाही हसू आलं.

माणूस लबाड नव्हता. त्याने सगळं टेबलावर मांडलं. त्यांचा खरा माल म्हणजे कॅमेरा. कापलेल्या भागाचा फोटो बघून कड नीट आहे की नाही ते सांगणारा त्यांचा प्रोग्रॅम. त्याचा सोर्स ते कोणालाच देत नाहीत, कारण तो दिला की महिन्याभरात दुसरा कोणी तेच विकायला लागेल. त्यांना प्रेसचा ठोका ओळखणारं काहीतरी हवं होतं. इंटरनेटवर माझ्या नवऱ्याचं सापडलं. एका ग्राहकाची घाई होती, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा भाग थेट त्यालाच लिंक केला आणि पेट्या पाठवायला सुरुवात केली.

"तीन वर्षं गेलीत मॅडम त्या कॅमेऱ्यात. बायको म्हणते, लग्न माझ्याशी केलंस की कॅमेऱ्याशी. तो उघडा नाही करू शकत मी."

"मग?"

"दोन रस्ते आहेत. तुम्ही वारस आहात. तुम्ही आम्हाला लेखी सूट द्या, की आमचा भाग बंद ठेवून याला जोडायला परवानगी आहे. त्याचा मोबदला आम्ही देऊ, तुम्ही सांगाल तो. नाहीतर दोन महिन्यांत आम्ही आमचं स्वतःचं लिहितो आणि सरांचा प्रोग्रॅम सगळ्या पेट्यांमधून काढून टाकतो."

"ते वाक्य पण?"

"कुठलं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "ते आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. ऑपरेटर लोकांना आवडतं. पण सरांचाच मजकूर आहे ना तो. काढला तर सगळाच काढावा लागेल."

मोबदल्याचा आकडा मी विचारला नाही. मला एवढंच ऐकू आलं होतं, की चाकणच्या स्क्रीनवरून ते वाक्य जाणार. आम्हाला मूलबाळ नाही, त्याचे आईवडील कधीच गेले. त्याचं असं जगात चालतंबोलतं काही उरलं असेल तर ते एवढंच होतं आणि ते मला आठवड्याभरापूर्वीच सापडलं होतं. मी म्हटलं, कागद पाठवा, सही करते. त्याने माझे आभार इतक्या वेळा मानले की लिफ्टपर्यंत सोडायला आला तेव्हाही मानतच होता.

कागद दुसऱ्या दिवशी आला. सही करण्याआधी मी विचार केला, की 'ठोका' आणखी काय काय बोलतो ते तरी बघून घ्यावं. प्रोग्रॅमच्या फायलींत मराठी वाक्यं शोधणं अवघड नव्हतं, इंग्रजीच्या गर्दीत ती लगेच दिसत. 'धार गेली वाटतं.' 'आज ठोके कमी पडले, सगळं ठीक ना?' 'कडं निसटलंय बहुतेक.' मी एकेक वाचत होते आणि प्रत्येक त्याच्या आवाजात ऐकू येत होतं. मग एक आलं:

बोल्ट ढिला असंल. पंचाला दोष देऊ नका.

मी थांबले. हे त्याचं नव्हतं. बावीस वर्षांत त्याने मला 'असं करू नको' म्हणून कशाबद्दलही म्हटलं नव्हतं. आणि तो 'असंल' लिहिणारा नव्हता. आयुष्यभर पुस्तकं हाताळल्यावर एका पानावर दुसऱ्याचा हात लागला की कळतं. हस्ताक्षर बदलल्यासारखं दिसतं. मी त्या फाइलच्या वर गेले. तिथे इंग्रजीत दोन नावं होती. एक त्याचं. दुसरं मला अनोळखी, पुढे एक मोबाइल नंबर.

लायसन्स मी पेन्सिल घेऊन वाचलं होतं, त्यामुळे मला लगेच समजलं. ज्याने जे लिहिलं ते त्याच्या मालकीचं. सूट द्यायची तर दोघांनीही द्यायला हवी. माझ्या एकटीच्या सहीने काहीच होत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि तो नंबर लावला.

ते संत तुकाराम नगरला राहायचे. पिंपरीतल्या एका कंपनीतून मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळ मावळातले. गॅलरीत वॉशिंग मशीनच्या जागी लोखंडी वाइस बसवलेला होता आणि त्यात कोणाच्यातरी सायकलचा पॅडल पकडलेला.

"या वहिनी. मला वाटलंच व्हतं कधीतरी फोन येईल."

"तुम्ही मला ओळखता?"

"व्हय की. त्या दिवशी आलो व्हतो मी. स्मशानात मागं उभा व्हतो." मग लगेच, त्या दिवसावर थांबायचं नसल्यासारखं, ते म्हणाले, "चहात साखर?"

त्यांची हकिगत त्यांनी चहाबरोबर सांगितली. ते गाळ्यावर एकदा पॅनेल घेऊन गेले होते. 'ठोका' बघून म्हणाले, हे चुकतंय. पंच बरा असला तरी खालच्या साच्याचा, डायचा बोल्ट ढिला झाला की वीज तशीच वाढते. माझ्या नवऱ्याने म्हटलं, मग तुम्हीच लिहा. "मी म्हनलं, आवो साठी झाली माझी. तर म्हनला, साठीच झाली ना, हात गेले न्हाईत ना? शिकवलं मला. आठ महिने. पोराला शिकवावं तसं." ते हसले. "घरी बायको म्हनायची, ह्यास्नी आता कॉम्प्युटरचं खूळ लागलंय."

मी वाकडचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि दोन्ही रस्ते सांगितले. सूट दिली तर वाक्य राहतं. नाही दिली तर दोन महिन्यांत सगळं निघतं. त्यांनी कागद चष्मा लावून वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

"तुमाला काय वाटतंय?"

"मला ते वाक्य राहायला हवंय," मी म्हटलं. एवढं सरळ मी कोणाशी बोलले नव्हते.

"आन् त्याला काय हवं व्हतं?"

मी कागदाची घडी आणखी बारीक केली. मग त्यांनीच एका गाळेवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने माझ्या नवऱ्याचा ड्रिलिंगचा जिग नेला. भोकं झिजली होती म्हणून त्यात पोलादी बुश, म्हणजे बारीक नळ्या, बसवले. काम एक नंबर व्हायला लागलं. आणि परत देताना बुश काढून घेतले. "कोणी शिव्या दिल्या न्हाईत. भांडण न्हाई. पर त्यानंतर तो कुठंबी जिग मागाया गेला की, 'आत्ताच दिलाय हो दुसऱ्याला.' सगळ्या रांगेत! सगळ्यांचे जिग सारखे बाहेरच!"

मी मोठ्याने हसले. मग लक्षात आलं की आपण हसतोय.

"सूट दिली तर आपनच सांगतो, की बुश काढून घ्या," ते म्हणाले. "मी सही न्हाई करनार वहिनी. पर तुमचं वाक्य बी जाऊ द्यायचं न्हाई. त्यानं कॅमेरा आपल्या पेटीत वेल्ड केलाय, खरं दुखनं ते हाय. वेल्ड कशाला पाहिजे? शेजारी ठेव की. दोन येगळी यंत्रं. मधी एक वायर. आपलं म्हनतंय 'ठोका पडला', त्याचं म्हनतंय 'फोटो काढला'. कंपनीत आमी दोन कारखान्यांची मशीनं अशीच बोलती करायचो. कोणी कोणाचं पोट फाडलं न्हाई."

मला ते चटकन दिसलं. लायसन्सच्या भाषेत सांगायचं तर जोडलेला एक प्रोग्रॅम न राहता दोन स्वतंत्र प्रोग्रॅम, जे फक्त एकमेकांना निरोप पाठवतात. कॅमेरा त्याचा, बंद. 'ठोका' आमचा, उघडा. मी एवढी उतावीळ झाले की चहा तसाच ठेवून वाकडला फोन लावला.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं नवव्या मजल्यावर होतो. मालक आधी बिचकला. म्हणाला, "काका, आत्तासुद्धा वेगळंच आहे ते. वेगळी फाइल आहे आमची."

"फाइल येगळी असंल," काका म्हणाले. "एक काम कर भावा. तुझा कॅमेरा बंद कर. आमचं चालतंय?"

त्याने केलं. 'ठोका' चालत होता.

"आता आमचं बंद कर. तुझं चालीव."

त्याने कळ दाबली. स्क्रीनवर लाल अक्षरांचा ढीग पडला आणि सगळं बंद झालं.

"मग कुठं येगळं हाय?"

मालकाने खुर्ची मागे ढकलली, चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "घाईत केलं हो. पंधरा दिवसांत द्यायचं होतं."

"घाईत सगळ्यांचंच व्हतं. तुझं शटर तू बंद ठेव, आमाला आत बघायचं न्हाई. फक्त आमच्या जिगला वेल्डिंग करू नको."

"आणि सरांच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही जे बदल केलेत, ते बाहेर द्यायचे," मी म्हटलं. "ज्यांना पेट्या विकल्यात त्यांना सोर्स द्यायचा. पुढे प्रत्येक पेटीबरोबर."

"ते किरकोळ आहेत मॅडम. दोन-चार ओळी."

"किरकोळ असले तरी."

त्याने त्याच्या वकिलाशी बोलायला दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मी लायब्ररीत कार्डं उलटीसुलटी लावली. तिसऱ्या दिवशी त्याचा होकार आला. आधी गेलेल्या पेट्यांबद्दल तक्रार नाही, एवढं आम्ही दोघांनी लिहून दिलं. सूट नाही दिली. वेगळं करायला त्यांना सहा आठवडे लागले. त्यात काकांनी त्याच्या माणसांना इतके फोन केले, की शेवटी मालकाने मला विचारलं, "मॅडम, काकांना पगारावर ठेवू का? निदान फोन तरी इंटरकॉमवर येतील."

मग सोर्स आला. मी लायब्ररीतच उघडला. मूळ फाइल डावीकडे, त्यांची उजवीकडे, आणि जिथे फरक तिथे रंग. ही पद्धत काकांनी मला शिकवली होती. खरंच किरकोळ होतं. नाव बदललेलं, एक आकडा वाढवलेला. मग तिसऱ्या फाइलमध्ये अकरा ओळींचा एक तुकडा. वर इंग्रजीत साधी टीप: पत्रा बदलल्यावर पहिले वीस ठोके नवीन माप म्हणून धरावेत.

मी 'राहिलेलं' नावाची त्याची फाइल उघडली. तिच्यातली पहिली नोंद मला पाठ झाली होती, तरी उघडली. 'पत्र्याची जाडी बदलली की उगाच हाक मारतो. धार चांगली असते तरी. तीन वेळा प्रयत्न केला. कोणाला सुचलं तर सांगा.'

मी मालकाला फोन लावला. "हा वीस ठोक्यांचा बदल कुणी केला?"

"ते होय? आम्हीच. अगदी सुरुवातीला. जाड पत्रा लावला की फुकट ओरडायचं ते. का, चुकीचं आहे का?"

"सुरुवातीला म्हणजे कधी?"

त्याने महिना सांगितला. त्या वेळी माझा नवरा जिवंत होता. त्यानंतरही सात महिने होता. त्या सात महिन्यांत तो आमच्या डायनिंग टेबलावर बसून याच एका गोष्टीशी झटत होता. जेवण गार व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं होतं, सोड ना, कोण एवढं बघतंय. आणि उत्तर इथे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, वाकडच्या नवव्या मजल्यावर तयार होतं.

मी ते मालकाला सांगितलं. रागाने सांगितलं नाही, फक्त सांगितलं. त्याने तो महिना पुन्हा एकदा उच्चारला. मग म्हणाला, "मॅडम, एक मेल टाकला असता तरी..." आणि वाक्य सोडून दिलं.

रविवारी सकाळी मी भोसरीचा गाळा उघडला. तो गेल्यापासून विजेचं बिल भरत होते, पण शटरला हात लावला नव्हता. आता सोळा महिने झाले होते. कुलूप गंजलं होतं. काकांनी तेल आणलं होतं, कुलूप गंजलेलं असणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. वाकडचा मालकही आला. न बोलावता, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. काका म्हणाले, "आधी चालू दे, मग पेढा."

कोपऱ्यात माझ्या नवऱ्याची लहान प्रेस होती, चाचणीसाठी घेतलेली. काकांनी ती पुसली, वंगण घातलं, मोटारीच्या वायरीभोवती कडं बसवलं. ते अकरा ओळींचे बदल मी स्वतः 'ठोका'त घातले होते. काकांनी फोनवर सांगितलं तसं, एकेक ओळ तपासत. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रोग्रॅमला हात लावला होता. बदल नोंदवताना एक वाक्य लिहावं लागतं, काय केलं ते सांगणारं. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी लिहिलं, 'दुरुस्तीसह परत.'

पातळ पत्रा लावला. ठोके पडायला लागले. शेजारच्या भिंतीवर टांगलेले जिग हलके किणकिणत होते. स्क्रीन कोरा. मग काकांनी जाड पत्रा सरकवला, आणि आम्ही तिघं त्या कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहिलो. इथेच 'ठोका' उगाच हाक मारायचा. पाच ठोके. दहा. मालक तोंडातल्या तोंडात मोजत होता. एकोणीस. वीस. एकवीस.

स्क्रीन कोराच राहिला.

"बोलंना की!" काका ओरडले. "बोलंना!" ते एवढे खूश झाले, की त्यांनी मालकाच्या पाठीत गुद्दा घातला. मालक हसत हसत पाठ चोळत होता. मी हसत होते आणि रडतही होते, आणि दोघांनीही तिकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"थांबा, अजून एक," मी म्हटलं. खालच्या कप्प्यात माझा नवरा एक बोथट पंच ठेवायचा, चाचणीसाठी, हे मला माहीत होतं. शोधून दिला. काकांनी तो बसवला. सातव्या ठोक्याला पिवळी अक्षरं आली. धार गेली वाटतं. जरा बघता का?

"बघतो बघतो," काका स्क्रीनला म्हणाले आणि प्रेस बंद केली.

आवाज थांबल्यावर शटरमध्ये सावली पडली. तीन गाळे सोडून असलेला गाळेवाला होता, हात ग्रीसने काळे.

"वहिनी! ठोके ऐकू आले म्हणून आलो. उघडला का गाळा?"

"उघडला."

त्याने आत बघितलं, प्रेसकडे, पेढ्यांकडे, आणि मग भिंतीकडे. जरा घुटमळला. "तो चार भोकांचा जिग... कोणी नेलाय का?"

भिंतीवर तो समोरच टांगलेला होता. मी खुंटीवरून काढला. जड होता, मला वाटलं त्यापेक्षा जड. वायरला जुनी पत्र्याची पट्टी होती, त्यावरचा खडू पुसट झालेला.

"न्या," मी म्हटलं. "पण एक भोक झिजलंय वाटतं. जरा बघता का?"

"बुश बसवूनच आणतो," तो म्हणाला आणि जिग खांद्यावर घ्यायला पुढे आला. मी त्याला थांबवलं, पट्टी पुसली आणि खडू शोधायला लागले.